खांद्यातला तांदूळ

माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि हे जगात एकट्या सारजाला ठाऊक होतं.

सारजाबाई माझी बायको. आमची वस्ती पालीच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याच्या रानाला लागून. शेळ्या, दोन म्हशी आणि थोडी भाताची खाचरं, एवढाच आमचा पसारा. सुट्टीच्या दिवशी पुण्याची पोरं गडावर जायला आमच्या दारावरून जातात. त्यांना सारजा ताक द्यायची आणि ताकापेक्षा जास्त गप्पा द्यायची.

मला आमवात आहे. तो बोटांपासून सुरू झाला. सकाळी उठावं तर बोटं सुजलेली, मूठ वळायची नाही, म्हशीची सडं धरता यायची नाहीत. भोरला महिन्यातून एकदा पुण्याहून मोहिनी मॅडम येतात. त्या सांध्यांच्याच डॉक्टर. त्यांनी आठवड्याला घ्यायच्या गोळ्या सुरू केल्या आणि माझी बोटं वळायला लागली. तेव्हापासून मी सारजाला घेऊन दर महिन्याला जायचो आणि टेबलावर हात ठेवायचो. मॅडम एकेक पेर दाबून बघायच्या, "छान आहे, काका," म्हणायच्या आणि मी घरी यायचो.

खांदा मागाहून धरला. तो काही मी टेबलावर ठेवला नाही, म्हणून त्यांनी बघितला नाही.

घरात सारजानं सगळं निभावून नेलं. सदरा घालताना ती आधी उजवी बाही चढवायची. पागोटं बांधायला दोन्ही हात डोक्याच्या वर लागतात, म्हणून ती दारातल्या दगडावर उभी राहायची आणि मागून मला पागोटं गुंडाळायची. वस्तीतल्या बाया हसायच्या. ती म्हणायची, "डोकं त्यांचं हाय, पण त्याला आवळून धराय मी लागते." उन्हाळ्यात शेळ्यांना पाला पाडायचा असतो. लांब वेळूला विळा बांधलेला असतो, त्याला आम्ही आकडी म्हणतो. ती उंच धरून उंबराची नाहीतर भोकराची फांदी ओढायची. ते कामही तिनं स्वतःकडे घेतलं. मी खाली उभा राहून, "हिकडची वढ, तिकडची वढ," एवढंच करायचो. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा बायकोला राबवतो.

लपवायचं कारण आमचा मुलगा. सिद्धनाथ धायरीला राहतो, कंपनीत आहे. पोरगा चांगला आहे. पण बापाचा हात गेला हे त्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी टेम्पो आणून शेळ्या विकल्या असत्या आणि आम्हा दोघांना तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवलं असतं. सारजा म्हणायची, "तिथं खिडकीत बसून काय करू? येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजू?" म्हणून आम्ही दोघांनी मिळून तोंड बंद ठेवलं.

माझ्या उजव्या खांद्यावर एक फुगवटा होता. तो सगळ्यांना दिसायचा आणि त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही. आमच्या डोंगरातल्या माणसांच्या खांद्यावर घट्टा असतोच. काठीच्या टोकाला दुधाची किटली अडकवायची, काठी खांद्यावर टाकायची आणि डोंगर उतरून एसटी गाठायची. माझ्या बापाला घट्टा होता, आज्याला होता. घट्टा मोठा तो माणूस कष्टाचा, असं आमच्यात समजतात. लग्न जमवायला आलेले पाहुणे पोराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं करून खांदा चाचपतात. माझा फुगवटा दरसाल वाढत होता आणि मला त्याचा थोडा मानच वाटत होता.

एकदा सारजा तेल लावत होती. लावता लावता थांबली.

"अवो, ह्यो घट्टा न्हाई."

"मग काय हाय?"

"घट्टा कडक आसतो. ह्ये दाबलं की सरकतंय. भिजत घातलेल्या तांदळात हात घातल्यागत लागतंय. आत दाणं हायेत दाणं."

"व्हय, आता खांद्यावर बी भात लाव."

"लावला आसता. पर चिखल कराय पाणी कुठनं आणू?"

दोघं हसलो. पुढच्या खेपेला मॅडमना सांगायचं, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

ती खेप आली नाही. मार्गशीर्षात एका सकाळी ताक घुसळता घुसळता ती भिंतीला टेकली. मला वाटलं दमली. जवळ जाऊन बघितलं तर ती गेली होती. रवी डेऱ्यातच होती. याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

आमच्या वस्तीत रीत आहे. बायको गेलेल्या माणसाला तेराव्याला तिचा भाऊ नवं पागोटं देतो, आणि ते त्या माणसानं चारचौघांत आपल्या हातानं बांधायचं. मग काठी घेऊन जनावरांमागं जायचं. म्हणजे दुःख झालं ते झालं, माणूस कामाला लागला. सारजाचा धाकटा भाऊ चिमाजी पानशेतच्या धरणाकडून लाल पागोटं घेऊन आला. त्यानं ते माझ्या हातात दिलं. सगळे बघत होते.

मी डावा हात वर नेला. उजवा छातीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. पागोटं मांडीवर पडलं.

"दाजी, बांधा की," चिमाजी हळूच म्हणाला.

"तूच बांध," मी म्हणालो.

त्यानं बांधलं. बाया डोळ्याला पदर लावायला लागल्या. म्हातारा पार खचला, असं सगळ्यांना वाटलं. मी खचलो होतो हेही खोटं नाही. पण हात त्यानं अडला नव्हता.

त्या दिवसापासून माझं उघडं पडायला लागलं. दोन म्हशी चिमाजी सांभाळायला घेऊन गेला. शेळ्या राहिल्या. गवत वाळलं आणि पाला पाडायची वेळ आली. मी आकडी डाव्या हातानं धरून बघितली. वेळू गरागरा फिरायचा, विळा फांदीला लागायचा नाही. शेळ्या झाडाखाली उभ्या राहून माझ्याकडे बघायच्या. त्यांच्यात मोरी नावाची एक करडी शेळी आहे, सारजाची लाडकी. ती तर माझ्या धोतराला ढुशी मारून ओरडायची. सारजाची पद्धत तिला माहीत होती. हा मध्येच कोण आला, असं तिला वाटत असेल.

शेळ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या तशी सिद्धनाथनं सुट्टी काढली. त्यानं मला आकडी धरताना पाहिलं आणि त्याच दिवशी भोरला एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतं? दुखायचं ते खांद्याच्या खाली, दंडात. मी दंड दाखवला. खांद्याचा आणि दंडाचा फोटो काढला. हाडं जागेवर होती. वयानं थोडी झीज, बाकी काही नाही. डॉक्टर चांगले होते. मी त्यांना आमवाताचं काही बोललो नाही, कारण आमवात बोटांचा आणि हे दुखणं दंडाचं, असा माझा हिशोब. त्यांनी मलम दिलं, हात हलवत राहायला सांगितलं. जाताना सिद्धनाथला बाजूला घेऊन म्हणाले, वडिलांचं मन रमवा.

एसटीत बसल्यावर सिद्धनाथ म्हणाला, "आबा, फोटुत काय बी न्हाई."

"फोटुत नसंल. खांद्यात हाय."

"मनाचं आसतंय आबा. आई गेल्याचं तुमी घेतलंय. हितं एकलं राहून त्ये कमी व्हायचं न्हाई. सारोळ्याच्या हनुमंताशी बोललोय म्या. अख्खा कळप घेतो म्हनतोय."

हनुमंत शेळ्यांचा व्यापारी. म्हणजे टेम्पो ठरला होता.

मी एवढंच म्हणालो, "पुढल्या आठवड्यात मॅडमकडं गोळ्या आणाय जायाचंय. त्या काय म्हनत्यात बघू. मग तुला काय करायचं ते कर."

माझ्या मनात सारजाचं बोलणं होतं. तिची एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. ती सांगायची आणि मग शेळ्या जायच्या तर जाऊ देत, असं मी ठरवलं.

मॅडमच्या दिवशी सिद्धनाथला कंपनीतून येता आलं नाही, म्हणून चिमाजी बरोबर आला. सारजा गेल्यापासून मी मॅडमकडे गेलो नव्हतो, गोळ्या तोच आणून द्यायचा. मॅडमनी नेहमीसारखी बोटं दाबली. "झकास आहेत, काका." मग खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "काकू नाही आल्या?"

सांगितलं. 

मग मी म्हणालो, "मॅडम, तिचा एक निरोप राहिलाय. ती म्हनायची, ह्यांच्या खांद्यात तांदळागत दाणं लागत्यात."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "सदरा काढा."

चिमाजीनं माझा सदरा काढला. फुगवटा बघून मॅडम म्हणाल्या, "हे कधीपासून?"

"घट्टा हाय त्यो. किटलीचा."

"किटली कुठल्या खांद्यावर न्यायचात?"

"उजव्या. जन्मभर."

"आणि आता कोण नेतं?"

"आता डेअरीची गाडी खालच्या रस्त्यापतूर येती. किटली उचलून पाच-सात वर्सं झाली."

"मग किटली बंद झाल्यावर घट्टा वाढला कसा?"

मी चिमाजीकडे बघितलं, चिमाजीनं माझ्याकडे. इतक्या वर्षांत हा प्रश्न वस्तीत कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

मॅडमनी बोटांनी फुगवटा दाबला, सरकवला, परत दाबला. हात वर करायला सांगितला. मी नेहमीसारखं अंग डावीकडे कलवून हात उचलल्यासारखं केलं. "अंग नाही, हात," त्या म्हणाल्या. हात गेला नाही. "काका, आमवात बोटांवर थांबत नाही. खांद्यातही शिरतो. मला आधी सांगायचं होतं."

"सांगितलं आसतं तर शेळ्या इकाय लागल्या आसत्या," मी म्हणालो.

"आणि आता?"

"आता बी इकायलाच काढल्यात. म्हनून सांगतोय."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी लगेच सोनोग्राफीला पाठवलं.

सोनोग्राफी म्हणजे आमच्याकडे बाळंतपणाचं काम. बाहेर बाकावर सगळ्या पोटुशा पोरी आणि त्यांच्या सासवा. त्यांच्या मध्ये मी, पागोटं आणि मिशा घेऊन. समोर पाटी होती, मुलगा की मुलगी हे इथं सांगितलं जात नाही. चिमाजीनं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "दाजी, काय झालं तरी ग्वाड मानून घ्या."

शेजारी गीताबाई नावाची एक म्हातारी सुनेला घेऊन बसली होती. ती म्हणाली, "कितवा म्हैना, पावनं?"

"सातवं वरीस लागलंय," मी म्हणालो.

अख्खा बाक हसला. सारजा गेल्यापासून मी पहिल्यांदा कुणाला हसवलं होतं. मला ते जरा चुकीचं वाटलं आणि बरंही वाटलं.

आत मॅडम स्वतः आल्या. खांद्यावर थंड चिकट काहीतरी लावलं आणि यंत्राची मूठ फिरवली. पडद्यावर करडं, काळं दिसत होतं. मला त्यातलं काही कळेना. मग त्या म्हणाल्या, "हा काळा भाग बघा. हे पाणी. हाडावर एक पिशवी असते, ती आमवातानं सुजून भरलीय. आता मी दाबते. त्या पाण्यात बघा."

त्यांनी दाबलं. काळ्यात बारीक ठिपके हलले. पेजेचं भांडं हलवलं की शितं तळातून उठतात तसे उठले आणि परत खाली बसले.

"दाणे," मी म्हणालो.

"दाणे. सुजलेल्या अस्तराचे बारीक कण सुटतात आणि घोळून घोळून गुळगुळीत होतात. आम्हीपण यांना तांदळाचे दाणेच म्हणतो. साध्या फोटोत हाड दिसतं, हे दिसत नाहीत. त्यामुळे तुमच्या फोटोत काही नव्हतं, हे बरोबरच होतं."

मला वाटलं त्या माझी समजूत काढतायत. "तुमी बी तांदूळच म्हंता? पुस्तकात?"

"पुस्तकात. काकूंचा हात लागला तिथंच लागला."

मी पडद्याकडे बघत राहिलो. चिमाजी दाराजवळ उभा होता, तो एकदम म्हणाला, "आमची आक्का हो!" आणि नाक पुसायला बाहेर गेला.

पण लगेच आनंद करायचं काम नव्हतं. मॅडमनी नीट समजावलं. दाणे काढता येतात. पण खांद्यात एक दोरीसारखी नस असते, ती हात वर ओढते. ही पिशवी तिच्यावरच बसलेली. आमवातानं ती दोरी कुरतडून तुटली असेल तर दाणे काढूनही हात वर जाणार नाही. दोरी नीट बघायला पुण्यात एमआरआय करावा लागेल. टीबीमुळेसुद्धा असे दाणे होतात, म्हणून पिशवीतलं पाणी तपासायला घेतलं.

सिद्धनाथला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी आईला कळलं व्हतं?"

"कळलं व्हतं."

"मग करू एमआरआय. हनुमंताला म्या थांबाय सांगतो. पर आबा, दिवाळीपतूर. दिवाळीला हात वर गेला न्हाई तर तुमी माझं ऐकायचं."

मी कबूल केलं. तोवर पाला पाडायचं काम चिमाजीनं आपल्या माणसांकडे दिलं.

एमआरआयच्या आधी अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. कानातली बाळी निघाली. पण माझ्या कमरेला चांदीची पेटी ओवलेला करदोटा होता. आमच्यात करदोटा माणूस मेल्यावर तोडतात. मी हात मागे घेतला. तिथला पोरगा म्हणाला, "आजोबा, त्याशिवाय आत सोडता येत नाही."

चिमाजी म्हणाला, "दाजी, सरणावर न्हाई चाललाय, बोगद्यात चाललाय. तिकडनं निघाला की परत बांधतो. म्या हाय न्हवं." त्यानं गाठ सोडली आणि करदोटा आपल्या मुठीत धरून बसला.

आत हलायचं नाही. डोक्याशी पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. हरवलेली शेळी शोधताना रानात निपचित बसून कान द्यावा लागतो, तसा मी पडून राहिलो. एकच गोष्ट मनात धरली होती, दोरी तुटलेली नसू दे. मला शेळ्यांमागं जायचं होतं. सारजा जिथं जिथं उभी राहायची त्या झाडांखाली मला उभं राहायचं होतं. धायरीच्या खिडकीत ती मला सापडली नसती.

पुढच्या खेपेला मॅडमनी फोटो उजेडावर धरले. यावेळी सिद्धनाथ बरोबर होता. "ही दोरी," त्या पेनाच्या टोकानं दाखवत म्हणाल्या. "झिजलीय. इथं बारीक झालीय. पण तुटलेली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे. आणि टीबी नाही."

सिद्धनाथनं विचारलं, "म्हंजी हात वर जाईल?"

"जाऊ शकतो. बाकीचं काकांच्या हातात."

मी म्हणालो, "माझ्या हातात आसंल तर जाईलच."

वैशाखात पुण्यात ऑपरेशन झालं. खांद्याला बारीक भोकं पाडून आतलं सगळं धुऊन काढलं. शुद्धीवर आलो तेव्हा समोर एक बाटली होती. पाण्यात पांढरे, चकचकीत, लांबट दाणे. नर्सनं ती तपासायला पाठवायच्या आधी मला दाखवायला आणली होती. मी डाव्या हातात घेऊन हलवली. दाणे उठले आणि बसले. मूठभर सहज असतील.

चिमाजी वाकून बघत होता. "दाजी, इंद्रायणी म्हनावी का आंबेमोहोर?"

"वास घेऊन सांग," मी म्हणालो. नर्स हसत हसत बाटली घेऊन गेली.

बातमी माझ्या आधी वस्तीवर पोचली. रायबाच्या, म्हणजे माझ्या, खांद्यात तांदूळ निघाला. घरी आलो तर दारात माणसं. कुणी म्हणालं, भाताची पोती वाहून वाहून आत शिरला असणार. एका म्हातारीनं ठरवून टाकलं की ही करणी आहे, कुणीतरी मंतरलेले तांदूळ टाकले. चिमाजी तिला म्हणाला, "आजी, एवढा तांदूळ फुकट टाकणारा आपल्या तालुक्यात कोन हाय सांगा, म्या पोतं घेऊन जातो त्याच्याकडं."  मी मात्र प्रत्येकाला एकच सांगितलं. सारजाला हातानं कळलं होतं, मग यंत्रात दिसलं. घट्टा नव्हता. आणि तुमच्यापैकी कुणाचा घट्टा दाबल्यावर सरकत असेल तर भोरला जा. वस्तीवरच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी एकमेकांचे खांदे दाबून बघितले. सगळे कडक निघाले.

मॅडमनी गोळ्या बदलल्या आणि व्यायाम दिला. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीला लावायची आणि मुंगीसारखी वर चढवायची. मी गोठ्याची भिंत घेतली. तिला कारण होतं. वसुबारसेला सारजा चुन्यात पंजा बुडवून गोठ्याच्या दारावर ठसा उमटवायची. टाचा उचलून, पुरेल तेवढ्या उंच. आदल्या दिवाळीचा तिचा पंजा वळचणीखाली तसाच होता. माझी बोटं तिथवर न्यायची, एवढंच मी ठरवलं.

सुरुवातीला बोटं छातीच्या वर जाईनात. दुखायचं, घाम फुटायचा. पावसाळाभर रोज भिंत धरली. भाताची लावणी चिमाजीच्या माणसांनी केली, मी बांधावर बसून हात झुलवायचो. श्रावणात बोटं हनुवटीपर्यंत गेली. गौरी-गणपतीत कपाळापर्यंत. सून साधना सणाला आली, ती म्हणाली, "आबा, जरा बसा की." मी म्हणालो, "बसलो तर धायरीला जावं लागंल." ती हसली आणि बोटं पोचली होती तिथं कोळशानं भिंतीवर रेघ मारून ठेवली. नंतर फोनवर रोज विचारायची, रेघेच्या वर गेला का?

गौरी-गणपतीनंतर महिनाभर हात तिथंच अडला. सारजाचा पंजा अजून वीतभर वर. मी मॅडमना सांगितलं, आता जात नाही. त्या म्हणाल्या, जाईल, दोरी बारीक आहे, तिला वेळ लागतो. मी मनाशी म्हटलं, शेळीचा पाय मोडला की तिला आपण दावणीला बांधून किती थांबतो! तेवढं तर थांबायला हवं, म्हणून थांबलो.

वसुबारसेच्या सकाळी मी चुना भिजवला. पंजा बुडवला. भिंतीला बोटं लावली आणि चढवली. हनुवटी गेली. कपाळ गेलं, साधनाची रेघ गेली. मी सारजासारख्या टाचा उचलल्या नाहीत. तिच्या पंजाच्या शेजारी माझा पंजा उमटला. चुना मनगटावरून ओघळून काखेत गेला. गोठ्यात मोरी ओरडत होती. मी तिथंच बराच वेळ उभा राहिलो, हात खाली न घेता.

भाऊबीजेला चिमाजी आला. ओवाळायला बहीण नव्हती तरी आला, आमच्या म्हशींचं किटलीभर ताक घेऊन आला. सिद्धनाथ आणि साधना आदल्या दिवशीच आले होते. आणि ठरल्याप्रमाणे खालून टेम्पो आला. हनुमंत उतरला, शेळ्यांवरून नजर फिरवत म्हणाला, "रामराम रायबा. काय ठरलं?"

सिद्धनाथनं माझ्याकडे बघितलं. गोठ्यावरचा नवा पंजा त्यानं पाहिला होता. पण हात वर जाताना त्याला समोर बघायचं होतं.

मी घरातून तेराव्याचं लाल पागोटं आणलं. अंगणात उभा राहिलो. एक टोक दातात धरलं, दोन्ही हात वर नेले आणि बांधायला लागलो. पहिला वेढा, दुसरा. खांदा दुखत होता, खोटं कशाला सांगू. पण हात डोक्यावरून मागे गेला आणि पुढे आला. वस्तीतली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली.  शेवटचं टोक खोचलं.

चिमाजी म्हणाला, "वाकडं झालंय."

"तुझी बहीण बी वाकडंच बांधायची."

मग मी आकडी उचलली आणि उंबराखाली गेलो. वेळू उभा केला, विळा फांदीला अडकवला आणि दोन्ही हातांनी ओढलं. फांदी वाकली, मोडली आणि पाल्यासकट माझ्या अंगावर आली. शेळ्या धावल्या. फांदीनं पागोटं उडवलं आणि ते मोरीच्या पुढ्यात पडलं. तिनं उंबर सोडला आणि पागोट्याचं टोक चघळायला घेतलं.

सगळे हसायला लागले. सिद्धनाथ सगळ्यात मोठ्यानं. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि हनुमंताला म्हणाला, "दादा, ताक घ्या. टेम्पो रिकामा न्यावा लागंल."

हनुमंत म्हणाला, "ती करडी तेवढी द्या. पागोटं खाती, लई दांडगी हाय."

"ती तर मुळीच न्हाई," मी म्हणालो.

मोरीच्या तोंडातून पागोटं ओढून काढलं. एक टोक ओलं झालं होतं आणि थोडं फाटलं होतं. ते झटकलं, दातात धरलं आणि सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा बांधलं. पहिल्यापेक्षा बरं बसलं. मग काठी घेतली आणि शेळ्या रानात काढल्या.